ओमाच्या वहीतलं आल्गॉय

माझ्या नवऱ्याच्या आजीने, आमच्या ओमाने, जन्मभर जे केलं त्याला कधी जादू म्हटलं नाही. उन्हाळ्यात ढग गडगडायला लागले की ती काळी मेणबत्ती लावायची. गाय व्यायली की चाऱ्यात चर्चमधून आणलेल्या वाळक्या पाल्याची चिमूट टाकायची. नाताळ ते ६ जानेवारी या दिवसांत दोरीवर कपडे वाळत घालू द्यायची नाही. का म्हणून विचारलं, तर एकच उत्तर: "असं करतात." साताऱ्याजवळच्या गावात माझी आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची, तीही एवढंच सांगायची. त्यामुळे लग्न होऊन मी जर्मनीच्या दक्षिण टोकाला, बव्हेरियातल्या आल्गॉय भागात आले तेव्हा भाषा परकी होती, पण ही बाई कधी परकी वाटली नाही.

ओमा गेली. घर आवरताना चादरींच्या कप्प्यात एक वही निघाली. सासूबाई ती रद्दीत टाकायला निघाल्या होत्या. त्यांच्या पिढीने हे सगळं मागे सोडलेलं. शेणाचा वास अंगाला येतो म्हणून शाळेत चिडवून घेतलेल्या मुलीला पुढे गावातलं काहीच नकोसं झालं, यात मला त्यांचा दोष दिसत नाही. नवरा मात्र वही घेऊन बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला यातला एक शब्दही वाचता येत नाही.

ओमाच्या वयाच्या मुलांना शाळेत जुनं जर्मन वळण शिकवायचे. १९४१ साली नाझी सरकारने ते शाळांमधून काढून टाकलं, आणि पुढच्या पिढ्यांना आजीचं अक्षर लागेना. आपल्याकडे पणजोबांचे मोडीतले कागद ट्रंकेत पडून असतात आणि घरात कुणाला लागत नाहीत, तशीच गत. आम्ही दोघं संध्याकाळच्या वर्गाला जायला लागलो. या वळणात 'ई' अगदी 'एन'सारखा दिसतो आणि 'यू'च्या डोक्यावर चंद्रकोर काढतात, तेवढ्यावरून तो ओळखायचा. मला हे नवऱ्यापेक्षा लवकर जमलं, कारण मी अक्षर न अक्षर लावत होते आणि तो अंदाजाने शब्द ओढत होता.

हळूहळू वही बोलायला लागली. कुठली गाय कधी फळली, दुधाचे किती पैसे आले, बारीक लाल फळांचा जाम कसा करायचा. आणि याच नोंदींमध्ये, वेगळा मथळा न देता, भाजल्यावर म्हणायचे शब्द, चामखिळीवर म्हणायचे शब्द, सुजलेल्या कासेवर म्हणायचे शब्द. प्रत्येक मंत्राखाली ओळीने तीन क्रूस काढलेले. त्याचा अर्थ असा, की इथे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव घ्यायचं आणि हाताने तीनदा क्रूस करायचा.

नवरा जरा खट्टू झाला. त्याच्या मनात काही वेगळं होतं. जर्मनीत पुस्तकांच्या दुकानात आता या विषयाचं मोठं कपाट असतं. रुनी या जुन्या जर्मन लिपीतल्या अक्षरांचे दगड, वोडान या जुन्या देवाच्या नावाचे विधी, हिवाळ्यातल्या बारा रात्रींसाठी छापील वह्या. हे सगळं 'ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या पूर्वजांचं' म्हणून विकलं जातं. ओमाच्या वहीत यातलं काहीही नव्हतं. होती ती मेरी, संत अगाथा, संत ब्लाझिउस आणि आजारी गाय. मला मनापासून वाटतं की पूर्वजांपर्यंत जायचं असेल तर ते जसे होते तसेच पत्करावे लागतात. जपमाळ ओढणाऱ्या, गारपिटीला भिणाऱ्या शेतकरी बाईच्या हातून जपमाळ काढून घेऊन तिथे रुनी दगड ठेवला, तर ती आपली आजी राहत नाही.

पण वहीतल्या एका मंत्राने आम्हाला पार मेर्झेबुर्गला नेलं. पाय मुरगळलेल्या जनावरासाठी तो होता. येशू वाटेने निघाला, त्याच्या जनावराचा पाय लचकला, त्याने म्हटलं: हाडाला हाड, रक्ताला रक्त. आमच्या वर्गाच्या शिक्षिकेने हे वाचलं आणि विचारलं, "मेर्झेबुर्गचे मंत्र माहीत आहेत ना?" सॅक्सनी-आनहाल्ट राज्यातल्या मेर्झेबुर्गच्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात १८४१ साली गेओर्ग वाइट्झ या इतिहासकाराला एका लॅटिन धर्मग्रंथाच्या कोऱ्या पानावर दहाव्या शतकात लिहिलेले दोन जर्मन मंत्र सापडले. पुढच्याच वर्षी भाषा-अभ्यासक याकोब ग्रिमने ते छापले. दुसऱ्या मंत्रात फोल आणि वोडान हे जुने देव रानात निघतात, बाल्डर देवाच्या शिंगराचा पाय मुरगळतो, देवी मंत्र म्हणतात, मग वोडान म्हणतो: हाडाला हाड, रक्ताला रक्त, अवयवाला अवयव, जणू चिकटवल्यासारखे. येशूच्या जागी वोडान, पण घडण तीच. म्हणजे वोडान ओमाच्या वहीत होता, फक्त त्याचं नाव हजार वर्षांपूर्वीच गळून पडलं होतं, आणि ओमाला त्याचं काही सुखदुःख नव्हतं.

तिथे काचेमागच्या प्रतीसमोर उभी असताना मला आठवत होता तो अथर्ववेद. चौथ्या कांडातलं बारावं सूक्त, मोडलेलं हाड सांधण्याचं: "मज्जा मज्ज्ञा सं धीयतां चर्मणा चर्म रोहतु." मज्जेला मज्जा जुळो, कातडीला कातडी धरो. हे साम्य काही माझा शोध नाही. आडालबेर्ट कून या जर्मन अभ्यासकाने ते १८६४ सालीच दाखवून दिलं. एकाच प्राचीन मुळातून दोन्ही आले, की तुटलेलं सांधताना माणूस कुठेही असंच बोलणार, यावर अभ्यासकांचा वाद आहे आणि तो मिटवण्याची माझी पात्रता नाही. मी ती ओळ नवऱ्याला तिथेच म्हणून दाखवली. त्याने ती पुन्हा म्हणायला लावली. सबंध प्रवासात आम्ही दुसरं काही बोललो नाही.

वाचणं झालं, आता करून बघायचं होतं. सुरुवात १५ ऑगस्टपासून केली. इथे हा मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण. बव्हेरियातल्या २,०५६ गावा-शहरांपैकी जिथे कॅथलिक वस्ती जास्त तिथेच सुट्टी असते, पण अशी गावं सतराशेच्या वर आहेत. त्या दिवशी बायका रानातल्या औषधी झाडपाल्याची जुडी, 'क्रॉयटरबुशन', चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. किती वनस्पती घ्यायच्या याचे आकडे गावोगाव वेगळे. कुठे सात, कुठे नऊ, कुठे सत्त्याहत्तर. ओमाच्या वहीत नऊ होत्या. मधोमध क्योनिग्सकेर्त्स, माणसाएवढी उंच, लोकरीसारख्या मऊ पानांची आणि पिवळ्या फुलांच्या तुऱ्याची. भोवती योहानिसक्राउट, शाफगार्ब, रायनफार्न, वेर्मूट, बायफूस, डोस्ट, कॅमोमाइल आणि गव्हाची ओंबी.

यादी हातात होती, पण झाडं कुठे होती? आल्गॉयची हिरवीगार कुरणं पर्यटकांच्या फोटोत छान दिसतात. जवळ जाऊन बघितलं तर बहुतेक ठिकाणी नुसतं गवत. दुभत्या गाईंसाठी वर्षातून चार-पाच वेळा कापणी होते, मग फुलायला वेळ कुणाला? आणि हा हिरवा रंगही तसा नवाच आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत इथे जवसाची शेतं होती, निळ्या फुलांची, म्हणून जुने लोक 'निळं आल्गॉय' म्हणायचे. त्या जवसाचा धागा कातायचे, लिनन विणायचे. पुढे सुती कापड स्वस्त झालं, कार्ल हिर्नबाइनसारख्या लोकांनी चीजचा धंदा आणला आणि मुलूख हिरवा झाला. ओमाची नऊ झाडं त्या आधीच्या, बांध असलेल्या शेतीतली होती. आम्हाला रायनफार्न रेल्वेच्या भरावावर मिळाला, क्योनिग्सकेर्त्स इलर नदीच्या गोट्यांत, वेर्मूट एका ओळखीच्यांच्या परसात.

आणि इथे डोळे उघडे ठेवावेच लागतात. योहानिसक्राउटच्या आसपास पिवळ्या फुलांची क्रॉयट्सक्राउट नावाची वनस्पती वाढते, ती यकृत खराब करते. गवतातून पोटात गेली तर गाई मरतात, आणि आल्गॉयच्या ओल्या कुरणांत तिचा उपद्रव मोठा आहे. खरी खूण अशी: योहानिसक्राउटचं पान उजेडासमोर धरलं की सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात आणि कळी चिमटीत चुरडली की बोटं लालभडक होतात. बायफूस ओळखायला मला पुस्तक लागलं नाही. पान चोळलं आणि जोतिबाला वाहतात तो दवणा आठवला. दोघं एकाच गोत्रातले, वास पुरता सारखा नाही, पण भाऊबंद कळतात.

जुडी बांधताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तारेने नाही बांधायचं. सुतळी घे. आणि वेर्मूट आतल्या बाजूला, नाहीतर गळून जातो." मग खाली बसल्या आणि सगळी सोडून पुन्हा बांधली. प्रत्येक झाडाचं गावातलं नाव त्यांना येत होतं, कुठलं पोटासाठी, कुठलं गाईसाठी, कुठलं विजेसाठी तेही. वही त्यांना टाकायची होती, पण हाताने काहीच टाकलेलं नव्हतं. त्यानंतर आम्ही वहीपेक्षा त्यांनाच जास्त विचारायला लागलो.

चर्चमधून आणलेली जुडी माळ्यावर उलटी टांगायची, वाळवायची. वादळ आलं की त्यातली काडी चुलीत टाकायची आणि काळी मेणबत्ती लावायची. या मेणबत्त्या आल्टोटिंगच्या काळ्या मेरीच्या तीर्थातून आणतात. मेच्या सुरुवातीपासून १४ सप्टेंबरपर्यंत पाद्रीही मिस्सेनंतर हवामानाचा आशीर्वाद देतात. ज्याचं वर्षाचं गवत एका गारपिटीत झोपतं, त्याला हे फालतू वाटत नाही.

आता मंत्रांबद्दल. ते वाचता आले तरी आम्ही म्हटले नाहीत, कारण वहीतून उचललेला मंत्र चालत नाही, तो माणसाकडून माणसाने घ्यावा लागतो, असा इथला नियम. दोन घरं सोडून राहणाऱ्या एक वयस्क बाई अजून चामखीळ आणि नागीण 'उतरवतात'. आमच्या लेकीच्या बोटांवर चामखिळी आल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की मुलांच्या बहुतेक आपोआप जातात, वाट बघा. वाट बघायचीच होती, मग तिला त्या बाईंकडे नेलं. उतरत्या चंद्राचे दिवस त्यांनीच ठरवले. लेकीचं पूर्ण नाव विचारलं. नाव मराठी, त्यात 'ज्ञ'. बाईंनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, ओठ हलवत स्वतःशी घोकलं, नीट जमल्यावरच अंगठा चामखिळीवर ठेवला आणि पुटपुटायला सुरुवात केली. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, येऊ द्यायचंही नसतं. निघताना पैसे द्यायचे नाहीत आणि आभारही मानायचे नाहीत, नाहीतर गुण येत नाही. नवऱ्याला हे फार जड गेलं. जर्मन माणसाच्या तोंडून 'डांके' आपोआप निघतं. मला काहीच वाटलं नाही, आपण घरच्यांचे आभार कुठे मानतो?

चामखिळी गेल्या. डॉक्टर म्हणाले तसंच झालं, असंही म्हणता येईल, आणि मी त्यावर वाद घालणार नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या प्रश्नापासून पळता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि तो यावा असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. भीती घालून पैसे काढणारा बाबा आणि आभारसुद्धा न घेणारी ही बाई यांना मी एका मापाने मोजणार नाही. त्यांनी लेकीला पहिलाच प्रश्न विचारला होता, "डॉक्टरना दाखवलंस ना?" जर्मनीतही उपचार करणाऱ्याला परवाना लागतो. पण २००४ मध्ये इथल्या घटना न्यायालयाने म्हटलं की केवळ प्रार्थना आणि हात ठेवून आध्यात्मिक उपचार करणाऱ्याला तो परवाना लागत नाही, रुग्णाला मात्र हे वैद्यकीय उपचार नाहीत हे कळायला हवं. मला ही रेषा योग्य वाटते.

या वाटेवर एक अंधारी जागा आहे, ती वगळून हे लिहिणं खोटं ठरेल. नाझींच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर याने १९३५ साली 'आननएर्बे' नावाची संस्था उभी केली, म्हणजे पूर्वजांचा वारसा शोधणारी. खेड्यातल्या चालीरीती, चिन्हं, गाणी गोळा करून त्यातून वंशश्रेष्ठतेचा पुरावा काढायचा, हा उद्योग. त्याच वर्षापासून एसएसच्या लोकांनी जुन्या चेटकीण-खटल्यांच्या तीस हजारांहून जास्त नोंदी जमवल्या, तेही चर्चविरुद्ध वापरायला. म्हणून जर्मनीत आज कुणी 'माझ्या पूर्वजांची परंपरा' म्हणालं की शेजारचा जरा सावध होतो, आणि व्हायलाच हवं. एका विधीच्या मेळाव्याला आम्ही गेलो होतो, तिथे 'हे फक्त आपल्या रक्तात असलेल्यांसाठी' असं कुणीतरी माझ्याकडे बघत म्हणालं. नवरा उठला, मीही उठले. परत गेलो नाही.

आणि त्या खटल्यांमधल्या बायका. आमच्या केम्प्टनमध्येच १७७५ साली आना श्वेगेलिन या गरीब मोलकरणीला सैतानाशी संग केल्याबद्दल मृत्युदंड सुनावला गेला. जर्मनीत चेटकीण म्हणून अशी शिक्षा झालेली ती शेवटची बाई. तिला मारलं गेलं असं दोनशे वर्षं सगळे समजत होते. कागद तपासल्यावर कळलं की शिक्षा अमलात आलीच नाही, ती १७८१ साली कैदेतच मेली. शहरात तिच्या स्मृतीचं कारंजं आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आल्गॉयभर डोंगराएवढ्या होळ्या पेटतात, 'फुंकन' म्हणतात त्यांना, आणि टोकावर गवताची चेटकीण बांधलेली असते. लेकीने विचारलं, "होळीत होलिका, इथे पण बाईच. का?" मी तिला कारंज्यापाशी घेऊन गेले आणि आना श्वेगेलिनची गोष्ट सांगितली. फुंकनला आम्ही अजूनही जातो, तिथले तळलेले फुंकनक्युशल खातो, पण चेटकिणीला आग लागते तेव्हा लेक टाळ्या वाजवत नाही. तिला कुणी तसं सांगितलेलं नाही.

हिवाळ्यातल्या त्या रात्री, राउनेख्टे, मला सगळ्यात जवळच्या. रात्रीच्या आभाळातून मेलेल्यांची स्वारी जाते, दोरीवर कपडे असले तर ती त्यात अडकते, म्हणून कपडे वाळत घालायचे नाहीत. आल्प्सच्या पट्ट्यात पेर्ख्ता नावाची बाई घरोघर फिरून चरखा बघते. कातणं संपलेलं नसेल तर शिक्षा करते. जवसाच्या मुलखात बायकांना वर्षातून एकदा सक्तीची सुट्टी मिळायची ती तिच्या धाकामुळे, असं मला आपलं वाटतं.

धूर करायच्या मुख्य रात्री नाताळची, वर्षअखेरची आणि ५ जानेवारीची. चुलीतले निखारे लोखंडी तव्यात घ्यायचे, त्यावर ऑगस्टची जुडी चुरून घालायची, चर्चचा धूप, स्प्रूसच्या झाडाचा वाळलेला डिंक. डिंक आधी फसफसतो, काळा होतो, मग पांढरा दाट धूर सोडतो. आधी धुराचे अलार्म झाकून ठेवायचे, संपल्यावर आठवणीने उघडायचे. पुढे नवरा तवा घेऊन, मागे मी तीर्थ शिंपडत, 'आमच्या बापा' म्हणत खोल्याखोल्यांतून, मग रिकाम्या गोठ्यातून. शेवटी सगळ्यांनी आपापली टोपी धुरावर धरायची आणि डोक्यात घालायची, वर्षभर डोकं दुखत नाही म्हणतात. लेकीच्या लोकरीच्या टोपीला तो वास फेब्रुवारीपर्यंत येत राहतो.

तिच्या जन्मानंतर आई साताऱ्याहून आली होती. ओवा, वावडिंग, बाळंतशोपा सगळं बॅगेत घेऊन. ती बाळाला धुरी देत असताना ओमा आत आली. दोघींना एकमेकींची एक ओळ कळत नव्हती. ओमाने शेगडीत वाकून पाहिलं, वास घेतला, मान डोलावली, बाहेर गेली आणि माळ्यावरून आपल्या जुडीतली चिमूट आणून आईच्या तळहातावर ठेवली. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, विचारलं नाही. सरळ निखाऱ्यावर टाकली.

आता शेजारच्या बाई थकल्या आहेत. त्यांना मंत्र कुणालातरी द्यायचे आहेत. बाईने पुरुषाला द्यावे, पुरुषाने बाईला, आणि घेणारा वयाने लहान असावा, असा रिवाज. त्यांचा मुलगा नाही म्हणाला. त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं. त्याने महिनाभर उत्तर दिलं नाही. रात्री-अपरात्री दार वाजलं तर उठावं लागेल, पैसे घ्यायचे नाहीत, आपला विश्वास आहे की नाही हेही स्वतःला विचारावं लागेल. त्याने हे बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "विश्वासाचं नंतर बघ. आधी पाठ कर." येत्या गुड फ्रायडेला तो त्यांच्याकडे जाणार आहे, द्यायचा-घ्यायचा दिवस तोच असतो. काय शिकलास हे मी विचारणार नाही. लेकीला मात्र त्याने आत्ताच सांगून ठेवलंय, की त्याच्यानंतर घ्यायची पाळी तिची.